पायरी धरायची का?

ग्रामपंचायतीच्या टेबलावर नमुना ८ ची नोंदवही उघडी होती आणि भाऊसाहेबांचं बोट आमच्या घरावर येऊन थांबलं होतं. घर क्रमांक एकशे सोळा. एका रकान्यात मालकाचं नाव, शेजारच्या रकान्यात भोगवटा करणाऱ्याचं. भोगवट्यात माझे बाबा होते. मालकाच्या रकान्यात जे नाव होतं, त्या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नाही. माझ्या आजीनं पाहिलं होतं. तिनं त्याचं नाव कधी घेतलं नाही, 'खोत' एवढंच म्हणायची, आणि तेही आवाज जरा खाली आणून.

बाबा कार्तिकात गेले. दिवसकार्य उरकल्यावर मी रत्नागिरीहून रजा काढून पुन्हा गावाला आले, कारण घराच्या उताऱ्यावर नाव बदलायचं होतं. पाच मिनिटांचं काम, असं मला वाटलं होतं.

"भोगवट्याला कुणाचं लावू? भावाचं ना?" भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढता काढता विचारलं. भाऊ नालासोपाऱ्याला. वर्षातून दोनदा येतो, गणपतीला आणि शिमग्याला.

आई दाराशी उभी होती. "मी काय मेल्ये काय?" ती म्हणाली.

भाऊसाहेब हसले. चांगले गृहस्थ आहेत. ग्रामसेवक या पदाचं नाव सरकारनं २०२४ मध्ये बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं, पण आमच्याकडे ते आधीही भाऊसाहेब होते, आताही भाऊसाहेबच आहेत. त्यांनी आईचं नाव विचारून घेतलं आणि मग वहीत पुढे वाचत गेले, तसतसा माझ्या पाच मिनिटांचा हिशोब बिघडत गेला. आजोबांचं नाव चुकलेलं. घराचं वर्णन 'मातीचे, कौलारू'. बाबांनी चिऱ्याच्या भिंती घालून तीस वर्षं झाली. मागची मोरी आणि संडास वहीत नाहीच. "म्हणजे मोजायला यायला लागेल," भाऊसाहेब म्हणाले. "येऊ कधीतरी."

आणि मालकाचा रकाना? "तो माझ्या हातात नाही. ती जमीन, ते तलाठ्याकडे. आमची वही फक्त पट्टीपुरती." खरंच आहे ते. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर तसा शिक्काच असतो, हा मालकी हक्काचा पुरावा नाही म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ज्या कागदाची पट्टी भरतो, तो कागदच आम्हाला सांगतो की माझ्यावर विसंबू नका.

परत येताना आई पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, मध्येच थांबली, दम लागला म्हणून. म्हणाली, "जल्ला मेला त्यांचा रकाना. घर आमी बांदला."

*

माझ्या नवऱ्याचं गाव घाटावर, कराडच्या बाजूला. लग्नानंतर पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा मला गंमत वाटली होती. एक वेस, आत सगळी घरं भिंतीला भिंत लावून, मधे चावडी, मारुती, पार. आणि बाहेर पडलं की शेतंच शेतं. तिकडे म्हणतातही तसं: घरं ती पांढरी, शेतं ती काळी. जुने व्यवहार या दोन शब्दांत बसतात. आमच्याकडे सगळीच तांबडी. घर तांबडं, बांध तांबडा, पावसाळ्यात धुतलेला परकरही तांबडाच. आणि गाव असा एका जागी नाहीच. (आमच्याकडे गाव 'तो' असतो. शाळेत बाईंनी कितीदा खोडून 'ते गाव' केलं, पण तो काही बदलला नाही.)

शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते. तिच्या खाडीच्या काठानं आत यावं, तर एका वळणावर आमचा गाव सुरू होतो आणि तिथून सड्यापर्यंत चढत जातो. खालून वर चालत गेलं तर पाऊण तास. खाडीला लागून मोहल्ला आणि खारव्यांची घरं, कांदळवन, जुनी तर, म्हणजे माणसं नेणारी होडी, जिथं लागायची तो धक्का. मग खाजण, आणि भरतीचं पाणी अडवणारा बांध. मग मळे, भाताचे. मळ्यांतून जाणारा वहाळ. वहाळाच्या पलीकडे बौद्धवाडी. अलीकडे उतार सुरू होतो, त्यावर एकेक वाडी टांगल्यासारखी. आमची मधली वाडी, तिच्यावर गुरववाडी आणि देऊळ, त्याच्यावर वरची वाडी. आणि सगळ्यात वर सडा, मैलभर नुसता काळाभोर कातळ, उन्हाळ्यात तापलेल्या तव्यासारखा.

घरं अशी विखुरलेली का, याचं उत्तर मला भूगोलाच्या पुस्तकात मिळालं नाही, विहीर खणणाऱ्या एका म्हाताऱ्यानं दिलं. तो म्हणाला, सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून आत मुरतो, कारण जांभा म्हणजे चाळणच. खाली शेडी लागली की पाणी थांबतं, शेडी म्हणजे ती पांढुरकी-गुलाबी चिकट माती. तिथून ते आडवं सरकत उताराला येतं आणि जिथं शेडीचा थर उघडा पडतो तिथं झरा फुटतो. "झरा जिथं, वाडी तिथं. तुमच्या पूर्वजांनी काय जागा निवडल्या न्हाईत, पाण्यानं निवडल्या." आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर लागतो, त्याचंही उत्तर याच वाक्यात आहे. चाळणीत पाणी किती दिवस राहणार? दिवाळीनंतर वहाळात सिमेंटच्या रिकाम्या गोणी वाळूनं भरून वनराई बंधारा घालतात, घरटी एक माणूस. बाबा सत्तराव्या वर्षीही जायचे. गोणी उचलायला नाही, गोणीचं तोंड शिवायला.

तर असा गाव. सरकारी भाषेत त्याला गावठाण नाही. गावठाण म्हणजे वस्तीसाठी राखलेली, कुणाच्या सातबाऱ्यात नसलेली जागा. ती घाटावर आहे, कारण तिकडे पांढरी वेगळी होती. आमच्याकडे प्रत्येक घर कुणाच्या ना कुणाच्या सर्व्हे नंबरात उभं आहे. २०२० च्या २४ एप्रिलला केंद्र सरकारनं स्वामित्व योजना जाहीर केली. ड्रोननं गावठाण मोजायचं आणि घरमालकाला मालमत्ता पत्रक द्यायचं. २४ एप्रिलच का, तर १९९३ साली त्या दिवशी पंचायत राजची ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली, म्हणून तो पंचायत राज दिन. नवऱ्याच्या गावचं ऐकून मीही हौसेनं चौकशी केली. ऐकणाऱ्यानं मान वर न करता विचारलं, "गावठाण कुठे आहे तुमच्यात, ते सांगा. तिथं उडवतो."

*

मग हा खोत आमच्या घराखाली आला कुठून?

खोत म्हणजे मूळचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. पेशवाईच्याही आधीपासूनची ही व्यवस्था. गावाचा सारा भरायची हमी त्यानं घ्यायची आणि गावकऱ्यांकडून तो काय वसूल करतो हे सरकारनं फारसं विचारायचं नाही. भाताचं अर्धं पीक दिलं तर ते अर्धेल, तिसरा हिस्सा दिला तर तिर्धेल. वर वेठ, म्हणजे खोताच्या घरची कामं फुकट. आजी सांगायची, खोताच्या घरी लग्न निघालं की आमच्या वाडीतली माणसं आठ दिवस मांडवाला. स्वतःच्या शेतात लावणी थांबलेली असली तरी. आंब्याच्या झाडावरून भांडण, फणसावरून भांडण, घर शाकारायला गवत कापलं त्यावरून भांडण. इंग्रजांनी १८८० साली खोती कायदा केला आणि जे तोवर वहिवाटीनं चालत होतं ते बरंचसं कागदावर आणलं. कागदावर आलं की ते पक्कं होतं. आम्ही इथं पिढ्यान्‌पिढ्या राहत होतो हे कागदानं मान्य केलं, पण राहणारे म्हणून.

गंमत पाहा, या एकाच रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला दोन गावं आहेत. दापोली तालुक्यातलं चिखलगाव, तिथले खोत म्हणजे लोकमान्य टिळकांचं घराणं. आणि मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव. खोतांचे हक्क कमी होऊ नयेत म्हणून टिळकांनी लिहिलं. आणि १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. तेव्हा अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांचा संप चालू होता, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली. १९३३ ला सुरू झाला तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत, लाकडं विकून, कवलं-कांदं खाऊन दिवस काढले. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चानं गेले. कुणबी आणि महार एका मोर्चात. आमच्या गावातून कोण गेलं होतं का, असं मी बाबांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "गेलं असतं तर सांगितलं असतं." म्हणजे नाही.

विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यानं. कुळकायदा १९४८ चा, आणि त्यात पुढे भर पडून १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला: त्या दिवशी जो कसत होता तो जमिनीचा मालक मानला गेला. मग किंमत ठरायची (कलम ३२ ग), हप्ते भरायचे, प्रमाणपत्र घ्यायचं (कलम ३२ म). आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं '३२ ग झालं का, ३२ म झालं का' असं विचारतात, जणू मुलीच्या लग्नाची बोलणी.

आमच्या खालच्या मळ्याचं झालं. घराखालच्या वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीच्या, तुकड्याचं झालं नाही. आजोबा तेव्हा परळला गिरणीत होते आणि गावकीच्या खोलीत राहायचे. एका चाळीत गावच्या नावावर एक खोली, तिच्यात पाळीपाळीनं झोपणारी वीस माणसं, भिंतीला ओळीनं ट्रंका. तारखेची नोटीस गावाला आली. आजीनं ती भिंतीतल्या देवळीत ठेवली, आजोबा गणपतीला आले की दाखवू म्हणून. तारीख गणपतीच्या आधीची होती.

एवढंच झालं. म्हणून त्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आजही 'इतर हक्क' या रकान्यात आहे, आणि मालकीत खोताच्या चार पिढ्यांचे वारस, सत्तावीस जण, काही पुण्याला, काही कुठे. त्यांचंही घर पडलंय. देवळाकडे जाताना त्यांच्या वाड्याचं जोतं लागतं, त्यावर उंबर उगवलाय. मला त्यांचा राग येतो असं नाही. राग येतो तो देवळीतल्या त्या नोटिशीचा.

*

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला मी मुद्दाम थांबले, अर्ज तिथं मांडू म्हणून. सभा झालीच नाही. कोरम लागतो एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यात जो आकडा कमी असेल तो. आमच्या गट ग्रामपंचायतीला शंभर लागतात. शाळेच्या पटांगणात एकसष्ट डोकी मोजली, त्यातली दोन शाळेतली पोरं निघाली. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, ही कायद्यातली मोठी सोय आहे, आणि आमच्याकडच्या बहुतेक ग्रामसभा याच सोयीवर चालतात. पुढच्या आठवड्यात तेच लोक, त्याच खुर्च्या.

माणसं आणायची कुठून? २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती १६,९६,७७७. २०११ ला ती झाली १६,१५,०६९. सगळा देश वाढत होता तेव्हा आम्ही कमी होत होतो. हजार पुरुषांमागे १,१२२ बायका, हा आकडा ऐकून बाहेरचे लोक आमचं कौतुक करतात. त्यात कौतुकासारखं काही नाही, पुरुष मुंबईला आहेत एवढाच त्याचा अर्थ. यादीत नाव असणारा निम्मा गाव नालासोपारा, दिवा, कळव्याला राहतो. मतदानाच्या आदल्या रात्री उमेदवार बसगाड्या भरून त्यांना आणतात, सकाळी मटण-भाकरी, संध्याकाळी परत. ग्रामसभेला कोण बस करील?

१ मेच्या सभेला मात्र पटांगण भरलं. आंब्याचे दिवस, चाकरमानी आलेले. विषय पाणी. जलजीवन मिशनची टाकी वरच्या वाडीच्या टोकाला बांधली आहे, कारण पाणी वरून खाली येतं, हे बरोबर. पण नळ उघडायला सुरुवातही वरूनच होते. वरच्या वाडीत हंडे, पिंप, बादल्या आणि एका घरी गाडी धुऊन होईपर्यंत पाइपाच्या शेपटाला, म्हणजे वहाळापलीकडे, नुसती हवा येते. सभेत सगळ्यात मोठ्यानं बोलले मुंबईचे लोक. त्यांचं म्हणणं, देवळाजवळ नवीन टाकी हवी, यात्रेला पाणी पुरत नाही. यात्रा तीन दिवसांची. बौद्धवाडीतली एक बाई उठून म्हणाली, "आमाला वर्साचे तीनशेबासष्ट दिवस हायत." हशा झाला. पण ठराव झाला तो वेळापत्रकाचा: आठवड्यातून तीन दिवस पाणी आधी शेपटाकडे सोडायचं, मधल्या वाड्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवून. आमची वाडी मधली, आमचं नुकसान. मी हात वर केला नाही, कारण माझं मत रत्नागिरीत आहे. आईनं केला. कुठल्या बाजूनं, ते मी नंतर विचारलं तर म्हणाली, "पाण्याच्या."

सभा चालवत होत्या सरपंच, बौद्धवाडीच्याच. आरक्षणाची सोडत निघते तेव्हा शाळेतल्या लहान पोराला चिठ्ठी उचलायला लावतात, तशी आमच्यावर चिठ्ठी निघाली: अनुसूचित जाती, स्त्री. निवडणूक थेट जनतेतून. निकालानंतर महिनाभर गावात 'चिठ्ठीची सरपंच' असं म्हणायचे. मग त्यांनी एकदा सभेत घरपट्टीच्या थकबाकीची यादी नावानिशी वाचून दाखवली, मानकऱ्यांपासून सुरुवात करून, आणि तेव्हापासून कोणी तसं म्हणत नाही. निदान मोठ्यानं नाही.

*

गावाची आणखी एक वही आहे. ती गावकराच्या, म्हणजे गावकीच्या प्रमुखाच्या, ट्रंकेत, लाल फडक्यात असते. तिच्यात सातबारा नाही, नमुना ८ नाही. पालखीचा क्रम आहे.

शिमग्याला ग्रामदेवतेला रुपं, म्हणजे मुखवटे, लागतात, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येते, होम होतो, आणि मग ती घरोघर निघते. पहिला दिवस कुणाचा, दुसरा कुणाचा, वरच्या वाडीत कुठल्या घरापासून सुरुवात, कुठल्या पाखाडीनं उतरायचं, सगळं ठरलेलं. ढोल लांबून ऐकू आला की आई सांगू शकते की आता पालखी कुणाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आहे. गावाचा खरा नकाशा पाहायचा असेल तर पालखीच्या मागून चालावं, असं मी मैत्रिणींना सांगत असे. मोजणीवाल्यांची साखळी जिथं पोचत नाही अशा फणसाखालच्या एकट्या झोपडीलाही ती जाते. नवीन घर बांधलं, गावकीला नारळ दिला, वर्गणी लावून घेतली, की वहीत घर चढतं. मालक कोण, कूळ कोण, कुणी विचारत नाही.

यंदा दुखवटा होता तरी पालखी आली. ढोल खळ्याच्या बाहेर थांबले. आईनं ओटी भरली. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, त्यात बाबांच्या नावाच्या जागी आईचं नाव घेतलं. ना अर्ज, ना मोजणी. मला रडू आलं, आणि त्याच रात्री ही वही किती सुंदर आहे यावर मी एक लांबलचक लेखही लिहायला घेतला होता.

तो लेख मी पूर्ण केला नाही. कारण दुसऱ्या दिवशी पालखीच्या मागून खरोखरच चालले, शेवटपर्यंत. पालखी आमच्या वाडीतून उतरली, मळ्यातून गेली, वहाळापर्यंत आली. तिथं भोई थांबले, फाका, म्हणजे शिमग्याच्या आरोळ्या, घातल्या, पालखी वळली. पलीकडच्या काठावर पोरं उभी राहून बघत होती, मोबाइलवर व्हिडिओ घेत होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धवाडीनं गावकीची कामं सोडली, मेलेली गुरं ओढणं सोडलं. गावकीनं वहीतून घरं कमी केली. त्यांनी देव सोडला हे खरं, पण त्याआधीही पालखी वहाळ ओलांडत होती का? गावकराला विचारलं. तो म्हणाला, "त्यांचा मान वेगळा होता. ते अलीकडे येऊन उभे राहायचे." मोहल्ल्यातल्या एका घराण्याचा नारळ मात्र आजही पालखीला येतो, तिथून न्यायला माणूस जातो. गावकीचा हिशोब असा आहे.

म्हणजे तीन वह्या. तलाठ्याकडच्या वहीत सत्तावीस जण मालक, जे इथं राहत नाहीत. गावकराच्या वहीत तीन वाड्यांची सगळी घरं, वहाळापर्यंतच. आणि ग्रामपंचायतीची ती फाटक्या कोपऱ्यांची वही, जिच्यात आजोबांचं नाव चुकलंय, भिंती मातीच्या आहेत, संडास नाही. पण एक ते शेवटपर्यंत नंबर सरळ लागलेत, सड्यापासून खाडीपर्यंत. एकशे सोळा आमचं. वहाळापलीकडचं पहिलं घर एकशे बेचाळीस. मोहल्ला दोनशेच्या पुढे.

*

मेच्या शेवटच्या आठवड्यात, ढग दाटून आलेले, आई वाळत घातलेली आमसुलं गोळा करत होती, तेव्हा मोजणी आली. म्हणजे शिपाई, त्याच्या हातात टेप, आणि सरपंच स्वतः. भाऊसाहेब तालुक्याला मीटिंगला गेलेले. "पाऊस लागला की चार महिने राहून जाईल, म्हटलं आपणच जाऊ," सरपंच म्हणाल्या. कपाळावरचा घाम पुसत त्या सरळ पायरीवर बसल्या.

आमची ती पायरी जांभ्याची, झिजून मधे खोलगट झालेली. ओटीवर चढायची एकच पायरी, खळ्यातून. लहानपणी मी पाहिलंय, वहाळापलीकडून कोणी आलं की पायरीपर्यंतही यायचं नाही. खळ्याच्या कडेला, तुळशीच्या पलीकडे. ताक न्यायला भांडं स्वतःचं आणायचं, आणि आजी वरून ओतायची. ती धार मला आठवते, फार उंचावरून पडायची आणि एक थेंब सांडायचा नाही. सरपंचांची आजी त्यात असेल. आईला ते नक्की माहीत असणार. आईनं तसं कधी दाखवलेलं नाही, पण ती विसरणारी बाई नाही.

शिपायानं टेपचं टोक माझ्या हातात दिलं. पडवी, ओटी, माजघर, मागची मोरी. मी आकडे सांगत होते, सरपंच वहीत लिहीत होत्या. चिरा, कौलारू. आजोबांचं नाव त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं आणि खाली रेघ मारली. मग शिपाई पुढे आला आणि टेप पायरीशी धरून उभा राहिला.

"म्याडम, पायरी धरायची का?"

सरपंच उठायला लागल्या, टेपला वाट द्यायला.

"पायरी कशाला धरता?" आई आतून म्हणाली. ती चहा घेऊन आली होती, पालखीबरोबरच्या मानकऱ्यांना काढते त्या पांढऱ्या कपांतून. "पायरीची पट्टी आमी न्हाय भरणार." मग सरपंचांकडे बघून: "आन तू तितं काय बसलीस गो? ती घरात धरत न्हाईत. वर ये."